मोरीवरचं पार्सल

खैरटोली (शहापूरजवळ)
२८ जुलै २०२५

चि. मोना हिस,

तू माझा नंबर ब्लॉक केलास, म्हणून हे पत्र. फोन मध्येच तोडता येतो, पत्र तोडता येत नाही. फाडशील, पण वाचून मगच फाडशील, एवढी तुला मी ओळखते.

सरळच विचारते. भूपेंद्रचा फोन तुझ्याकडे आहे ना?

तू लाखांदूरला माहेरी गेलीस त्यानंतरचं तुला ठाऊक नसेल, म्हणून सांगते. हायवेवरच्या धाब्यांतून लोक पार्सल घेतात, गाडीत खातात आणि पाकीट खिडकीबाहेर भिरकावतात. तलावाजवळच्या मोरीच्या पुलावर तर नुसता उकिरडा. तिथं ढोरं येतात, प्लास्टिकच्या पन्न्या चघळतात आणि रस्त्यात उभी राहतात. अशाच एका गाईला चुकवताना माझा भाऊ, तुझा नवरा गेला. मी सरपंच झाले ती एवढ्यासाठीच.

मे महिन्यापासून गावात नवा कायदा आहे. धाब्यावर ऑर्डर आली की बिलाच्या मशीनमधून ठिपक्याठिपक्यांचं एक स्टिकर निघतं. ऑर्डर करणाऱ्याचा नंबर त्यात असतो, आणि ते चिकटवल्याशिवाय पार्सल द्यायचं नाही. रिकामं पाकीट आपल्या कचराडब्यात टाकलं तर तिथला कॅमेरा स्टिकर वाचतो आणि त्या माणसाच्या फोनवर आभाराचा निरोप जातो. रस्त्यावर सापडलं तर आमच्या सफाईच्या बाया ते मोबाइलनं वाचतात आणि ग्रामपंचायतीच्या कॉम्प्युटरवर नाव उमटतं. तीनदा नाव उमटलं की पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत ते जाहीर वाचायचं, आणि त्या माणसानं रविवारी झाडू घेऊन तिथंच उभं राहायचं. ठराव मीच मांडला. ‘मग तो कोणीही असो’ हे शब्दही माझेच.

आता पहिलं नाव आलं आहे. भूपेंद्र. नंबरही त्याचाच. तिन्ही पाकिटं मोरीवर, जिथं तो पडला होता अगदी तिथंच.

गुरुवारी सांजेला त्यातल्या तिसऱ्या पाकिटावर गाई तुटून पडल्या होत्या. आपली अंगणवाडीची भावना स्कूटीवरून येत होती. गाय चुकवायला गेली आणि कठड्यावर आदळली. खांद्याचं हाड मोडलं. डोकं वाचलं, हे तिच्या आईबापाचं नशीब.

माझ्यावर राग आहे तर मला शिव्या दे. पण माझी फजिती करायला मेलेल्या माणसाच्या नावानं हे उद्योग करू नकोस. कोणाच्या हातून करवून घेतेस तेही लिही.

ज्योत्सना

*

लाखांदूर
२ ऑगस्ट २०२५

ज्योत्सनाताई,

नमस्कार लिहावासा वाटत नाही, तरी लिहिते. मोठ्या नणंदेला तसंच लिहायचं असतं.

पत्र वाचून संताप आला. मी इथं बालवाडीत शिकवते, संध्याकाळी वडिलांच्या बांधावर जाते. इथून खैरटोलीच्या मोरीवर पाकिटं फेकायला मला पंख फुटलेत का?

मी नंबर का ब्लॉक केला हे तुम्ही विसरलात, की विसरल्याचं सोंग करता? निवडणुकीच्या वेळी मी शहापूरला बसमधून उतरले, आणि समोर फ्लेक्सवर माझा नवरा. लग्नातला फोटो, बाजूची मी कापून टाकलेली. खाली लिहिलं होतं, ‘माझा भाऊ कचऱ्यानं खाल्ला’. मला एका शब्दानं विचारलं नव्हतं. त्या फ्लेक्सखाली लोक पान खाऊन थुंकत होते, ताई. मी पदराने पुसायला गेले तर एक जण म्हणाला, बाई, पार्टीची आहे का तू?

फोन माझ्याकडे नाही. मी तो तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी एका माणसाला दिला. त्यानं माझा हात धरून सांगितलं की कोणाला बोलू नको, म्हणून तुम्हालाही सांगणार नाही.

भावनाचं ऐकून वाईट वाटलं. तिनं माझ्या हळदीला बांगड्या भरल्या होत्या. तिला कसं आहे ते मात्र कळवा.

आणि एक विचारते. मामाजींकडे, तुमच्याच वडिलांकडे, तुम्ही शेवटच्या कधी बसलात? दोन गल्ल्या सोडून राहता, जेवणाचा डबा पाठवता, ते ठीक. पण बसता का कधी?

मोना

*

खैरटोली
६ ऑगस्ट २०२५

मोना,

भावना घरी आली आहे. खांदा बांधलेला आहे, रात्री कण्हते म्हणतात.

बाबाचं मध्ये आणू नकोस. तो पहाटे तलावावर जातो, जाळं टाकतो, मासोळी विकतो, कोणाशी बोलत नाही. मी जाऊन बसले तर तो उठून जाळं विणायला लागतो. त्याला बोलता येत नाही आणि मला गप्प बसता येत नाही.

फोन कुठं पोचला ते आता माझ्या लक्षात आलं आहे. तुला फसवून कोणीतरी तो घेतला आणि तेजरामला नेऊन दिला. तिन्ही पाकिटं तेजरामच्याच धाब्याची आहेत! निवडणुकीत माझ्याकडून हरला तेव्हापासून तो डाव धरून बसला आहे. काल चावडीवर सगळ्यांसमोर मला म्हणाला, “सरपंचबाई, पंधरा तारखेले नाव वाचसान ना? का घरचं नाव आलं तं कॉम्प्युटर बिघडन?” लोक हसले. मला तेव्हाच कळलं. माझ्या भावाचा नंबर मिळवून, माझ्या भावाच्या मरणाच्या जागी घाण टाकून हा माणूस मला कात्रीत पकडतो आहे. नाव वाचलं तर भावाच्या नावाचा तमाशा. नाही वाचलं तर सगळे धाबेवाले म्हणणार, सरपंच आपलं ते झाकते, आणि उद्यापासून एकही स्टिकर चिकटणार नाही. मग पुढची भावना कोण?

मी तक्रार लिहून ठेवली आहे. मंगळवारी पोलिसांत देणार. एकदा त्याच्या धाब्याला कुलूप लागू दे.

ज्योत्सना

*

लाखांदूर
१० ऑगस्ट २०२५

ती. ज्योत्सनाताईंस,

पोस्टानं वेळेवर पोचणार नाही म्हणून हे पत्र भंडाऱ्याच्या गाडीचे कंडक्टर बाबूलालभाऊंच्या हाती देते आहे. ते तुमच्याच हातात देतील. दार लावून वाचा.

तक्रार देऊ नका. तेजरामचा यात काही हात नाही. मी शब्द मोडते आहे, मामाजी मला माफ करोत. फोन त्यांच्याकडे आहे.

त्या दिवशी भूपेंद्र भंडाऱ्याहून निघाले तेव्हा मामाजींनीच फोन करून सांगितलं होतं, येताना तेजरामकडचं चिकन आण. पार्सल हँडलला लटकलेलं होतं. तुम्ही दवाखान्यात होतात, मी मोरीवर होते, मी पाहिलं आहे. त्यानंतर मामाजींनी ते चिकन तोंडात घातलं नाही. पण दर अमावस्येला ते भूपेंद्रच्या फोनवरून धाब्यावर ऑर्डर करतात, स्वतः जाऊन आणतात आणि मोरीवर ठेवतात. फेकत नाहीत, ताई. ठेवतात. उघडतसुद्धा नाहीत. पुढं ढोरं आणि कुत्री फाडतात, म्हणून तुमच्या बायांना फाटकंच सापडतं. तुमच्या तिन्ही तारखा पंचांगात पाहा.

एकदा मी त्यांच्याबरोबर गेले होते. म्हटलं, मामाजी, आपण पितरांचं पान घरी ठेवतो, हे रस्त्यात कायले? ते काय म्हणाले ते माझ्या कानातून जात नाही. म्हणाले, “घरी ठेवून काय करू पोरी? थो घरी पोचलाच नाही. रस्त्यातच रायला. मंग त्याले जेवाले रस्त्यातच द्या लागन ना.”

मी त्यांना अडवलं नाही. मलाही ते खरं वाटलं होतं. भावना पडली हे तुमच्याकडून कळेपर्यंत त्या पाकिटावर ढोरं येतात हा विचार माझ्या मनात आला नव्हता, आणि तुम्ही म्हणाल, नवरा कशानं गेला हे ठाऊक असून तुला कसं सुचलं नाही? नाही सुचलं.

तेजरामला सगळं ठाऊक असणार, मामाजी त्याच्याच काउंटरवरून पार्सल उचलतात. तो पंधरा तारखेची वाट पाहतो आहे. तुम्ही गप्प राहिलात तर तो बोलेल, आणि तो बोलेल ते वेगळंच असेल.

नाव वाचायचं की नाही, हे मला विचारलंत तर सांगते. नाव भूपेंद्रचं आहे, त्यावर माझाही हक्क आहे. वाचा. पण त्याआधी तो फ्लेक्स उतरवा.

मोना

*

खैरटोली
२६ ऑगस्ट २०२५

चि. मोना हिस अनेक आशीर्वाद,

फ्लेक्स चौदा तारखेला मी स्वतः स्टुलावर चढून काढला. घडी करून कपाटात ठेवला आहे, त्याचं काय करायचं ते तू सांग.

त्याच संध्याकाळी बाबाकडे गेले. तो जाळ्याची गाठ मारत होता. फळीवर भूपेंद्रचा फोन चार्जिंगला लावलेला. इतके दिवस मी दारातून डबा देऊन परतत होते, म्हणून तो मला कधी दिसलाच नव्हता. विचारायला गेले होते, पण विचारलं नाही. “उद्या ग्रामसभेले येजो बाबा” एवढंच म्हटलं. तो म्हणाला, “येतो.”

सभेत तेजराम पहिल्या रांगेत. भावना गळ्यात हात अडकवून बसलेली. झेंडा झाला, विषय झाले, आणि तेजराम उठायच्या आधी मी उठले. मी म्हटलं, ठरावाप्रमाणे पहिलं नाव वाचते. भूपेंद्र नत्थू मारबते. मोरीवर तीन पाकिटं.

कोणी हसलं नाही. मग मागून बाबा उठला. हळूहळू पुढं आला आणि माझ्याकडे न पाहता भावनासमोर उभा राहिला. म्हणाला, “भूपेंद्र येऊ शकत नाही. त्याच्या बदल्यात मी येतो झाडू घेऊन. तुले लागलं पोरी, थे माह्यामुळं लागलं.” भावना रडायला लागली. तेजराम तोंड उघडून बसला तो बसलाच. मला वाटलं, संपलं.

रविवारी बाबानं मोरी झाडली. एकटा नव्हता, भावनाचा बाप त्याच्या बाजूला झाडत होता. पण संपलं नव्हतं, मोना. पोळ्याच्या दिवशी अमावस्या. गावात बैल सजलेले, घरोघर पुरणाचा वास, आणि बाबा घरात नाही. मी धावत मोरीवर गेले. तो कठड्यावर पार्सल ठेवून काठी घेऊन उभा होता, ढोरं हाकलत. अंधारून आलेलं, ट्रक हॉर्न मारत अंगावरून जात होते, आणि हा म्हातारा एका गोऱ्ह्याच्या मागं रस्त्याच्या मधोमध. मी किंचाळले. दंडाला धरून ओढलं तेव्हा ट्रकचा वारा आम्हा दोघांच्या अंगावरून गेला.

मी ओरडले, “भावनाचा खांदा पाहिला ना तू?”

“पाहिला. म्हणूनच तं राखण करून राहिलो.”

“मले आता कोणाले गमवायचं नाही बाबा. त्याचं पान घरी ठेव ना!”

तर म्हणतो, “घरी कोण हाये त्याचं? जिच्याकडं थो त्या दिवशी येऊन रायला होता, थे तं चालली गेली.”

मोना, तू पळून गेलीस असं मी गावभर बोलत होते. तू त्या घरात एकटीनं काय सोसलंस, हे मी विचारायला आले नाही. आता सरपंच म्हणून नाही, त्याची लेक म्हणून पदर पसरते. पुढची अमावस्या सर्वपित्रीची. तो पुन्हा जाईल, मी त्याला बांधून ठेवू शकत नाही. पुढच्या वेळी ट्रक थांबेल याची मला खात्री नाही. तू ये.

तुझी
ज्योत्सना

*

लाखांदूर
४ सप्टेंबर २०२५

ती. ज्योत्सनाताईंस नमस्कार,

पत्र तीनदा वाचलं. मी येते असं लिहायला बसते आणि हात थांबतो.

कारण लपवत नाही. घरी माझं दुसरं लग्न ठरवताहेत. नाकाडोंगरीचं स्थळ आहे, चंद्रकुमार नावाचे शिक्षक, बायको वारलेली. माणूस बरा वाटला. मी होकाराच्या उंबऱ्यावर आहे. आता मी मामाजींच्या दारात उभी राहिले तर त्यांना वाटेल, सून परत आली. मग पुन्हा जाताना मी त्यांना दुसऱ्यांदा मारल्यासारखं होईल. आणि खरं सांगायचं तर मोरी आली की मी बसमध्ये डोळे मिटून घेते.

तुम्ही आधी त्यांना हे सगळं सांगा. ऐकूनही त्यांनी मला बोलावलं तर येईन.

मोना

*

खैरटोली
१२ सप्टेंबर २०२५

चि. मोना,

सांगितलं. काही झाकलं नाही, नाकाडोंगरीचंही.

मला वाटलं, बाबा आता उठून जाळं हातात घेतो. पण म्हणाला, “चांगलं झालं. पोरगी एकटी कायले राहीन? तिनं इतं राहूच नये. फक्त एकडाव येऊन त्याले घरी आणून सोडावं, मंग सुखानं आपल्या घरी जावं.”

वाट पाहते.

ज्योत्सना

*

लाखांदूर
२४ सप्टेंबर २०२५

ती. ज्योत्सनाताईंस साष्टांग नमस्कार,

सर्वपित्री झाल्यावर निघताना तुम्ही विचारलंत, रस्त्यात काय झालं? तेव्हा बोलले असते तर बस चुकली असती. आता लिहिते.

पार्सल तेजरामनं स्वतः बांधलं. स्टिकर चिकटवलं, बोटानं नीट दाबलं, आणि मामाजींना म्हणाला, “नत्थूभाऊ, माफ करजो.” मामाजींनी मान हलवली.

मोरीवर माझे डोळे आपोआप मिटले. मामाजींनी माझं मनगट धरलं. म्हणाले, पाहा, आता साफ हाये. पाहिलं तर खरंच साफ होती. खाली तलावाचं पाणी दिसत होतं, पूर्वी नुसत्या पन्न्या दिसायच्या. मग त्यांनी पार्सल दोन्ही हातांत धरलं आणि कठड्याकडे तोंड करून, रोजच्या आवाजात, शेतावरून हाक मारावी तसं म्हणाले, “चाल बापू. मोना घ्याले आली. घरी चाल.”

मी काही बोलेन असं ठरवून आले नव्हते. पण माझ्या तोंडून निघालं, “चला, जेवण थंड होते.” भूपेंद्र असताना रोज मी त्यांना हेच म्हणत होते.

गावापर्यंत मामाजी रस्त्याच्या बाजूनं चालले, आतल्या बाजूला एका माणसाची जागा सोडून. ट्रक आला की थांबायचे, मागं वळून पाहायचे, मग पुढं चालायचे. मला भीती वाटली नाही. तुम्हाला खोटं वाटेल, पण मला खूप दिवसांनी बरं वाटलं.

तुम्ही दारात तांब्या घेऊन उभ्या होतात. माझ्या पायावर पाणी टाकलंत, मी पार्सल घेऊन आत पाटाकडे गेले. मागं दोनदा पाणी पडल्याचा आवाज आला. बाहेर एकटे मामाजीच होते ना? मग दोनदा काहून?

नाकाडोंगरीला होकार कळवला आहे. तुमचा नंबर मोकळा केला आहे. फ्लेक्सवरचा तेवढा फोटो कापून मला पाठवा, बाकीचं जाळा.

मोना

*

खैरटोली
२९ सप्टेंबर २०२५

चि. मोना हिस अनेक आशीर्वाद,

होकाराचं वाचून बाबाला सांगितलं. त्यानं लग्नासाठी तलावातला मोठा रोहू पाठवायचं कबूल केलं आहे, तुझ्या माणसाला मासोळी चालते का विचार. फोटो सोबत आहे.

फोन आता करता येतो, तरी पत्रच लिहिते. हे मला आवाजात सांगता येणार नाही.

तू गेल्यावर बाबानं रिकामं पाकीट स्वतः नेऊन बसस्टँडच्या डब्यात टाकलं. फळीवर फोन वाजला. “वाच,” म्हणाला. मी वाचलं, भूपेंद्र, तुमचं पाकीट मिळालं, गाव तुमचं आभारी आहे. हे वाक्य मीच बसवून घेतलं होतं त्या स्टिकरच्या कंपनीकडून, शंभरदा वाचलं असेल. त्या दिवशी ते पूर्ण वाचता येईना. बाबानं फोन घेतला, चार्जरची वायर गुंडाळली आणि दोन्ही पेटीत ठेवून दिलं.

आता तू विचारलंस ते. तू आत गेलीस. मी बाबाच्या पायावर पाणी टाकलं. तो आत येईना, पायरीवर तसाच उभा.

म्हणाला, “टाक.”

म्हटलं, “टाकलं ना बाबा.”

तर तो एका अंगाला सरकला, बाजूला जागा केली आणि म्हणाला, “माह्या नाही व, त्याच्या.”

मी तांब्यातलं उरलेलं सगळं पाणी त्या मोकळ्या पायरीवर टाकलं. बाबानं आधी त्याला आत जाऊ दिलं, आणि मग स्वतः आला.

तुझी
ज्योत्सनाताई